जमेल तेवढं

माझा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो चौतिसाव्या वर्षी, कुमासीतल्या एका चर्चच्या सभागृहात, फुसेनी नावाच्या जेमतेम ओळखीच्या माणसाच्या फोनमधून. तसा तो रोज ऐकत होतेच, पण आतून. बाहेरून ऐकला तेव्हा आधी वाटलं, ही कोण बाई, हिचा घसा बसलाय का, आणि ही सारखी माफी कशाची मागतेय. मग त्या बाईनं आमच्या संस्थेचं नाव घेतलं आणि माझे कान तापले. देणग्या मिळवण्याचं काम करणाऱ्यांसाठी तीन दिवसांचं शिबिर होतं ते. पहिल्याच दिवशी जोड्या पाडल्या. एकानं मागायचं, दुसऱ्यानं श्रीमंत व्हायचं, आणि सगळं फोनवर टिपून मग वर्गासमोर ऐकवायचं. फुसेनी तमालेहून आलेला, लहान मुलांची फिरती वाचनालयं चालवतो. खिशात परतीच्या बसपुरते पैसे, पण श्रीमंत असा झकास झाला की खुर्चीत रेलून दात कोरत माझ्याकडे बघत राहिला. फोनमधली बाई म्हणाली, "सर, प्लीज, आम्हाला पन्नास हजार सेडी हवे आहेत." मग काहीच नाही. बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज. आणि लगेच तीच बाई, घाईघाईनं, "म्हणजे, तुम्हाला जमेल तेवढं. काहीही चालेल. नाही जमलं तरी काही नाही, सर, प्लीज." सगळा वर्ग हसला. फुसेनी हसला, आणि मीही हसले, कारण त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

शिकवणाऱ्या मिसेस क्वार्टी तेवढ्या हसल्या नाहीत. वीस वर्षं बँकेत काढून मग इस्पितळांसाठी देणग्या गोळा करणारी ही बाई, केस अगदी बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक. मनगटावरचं घड्याळ बघून त्या म्हणाल्या, "दीड सेकंद. फुसेनीनं अजून श्वाससुद्धा घेतला नव्हता, आणि तू त्याचे पैसे त्याला परत देऊन टाकलेस." मग वर्गाकडे वळून, "आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. सांगितल्यावर तो आकडा तुमचा नसतो, त्यांचा असतो. त्यांना त्याच्याशी बसू द्या. तुम्ही मध्ये तडमडू नका." कुणीतरी विचारलं, तोंड आवरत नसेल तर? "बुटातला अंगठा दाबा. खूप जोरात. माझ्या ह्या उजव्या अंगठ्यानं आजवर दोन वॉर्ड बांधलेत." त्यावर पुन्हा हशा झाला, पण मी टेबलाखाली अंगठा दाबून पाहत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी वाक्येच्या, म्हणजे चवळी-भाताच्या, ताटावर बसलो असताना फुसेनी एकदम गंभीर होऊन म्हणाला, "सिस्टर बिरागो, तुझ्या ताटातलं अंडं मला दे. अर्धं नाही, अख्खं." आणि माझ्याकडे बघत गप्प बसला. दहा-बारा सेकंद झाले असतील. मी अंडं देऊन टाकलं. का दिलं ते मला अजून कळलेलं नाही. भातावर नुसतं तिखट घालून जेवताना मनात येत होतं, एवढं सोपं आहे तर मग मला का येत नाही.

सहा वर्षं मी ह्याच कामात होते, तशी. कागदावर माझ्याइतकी धीट बाई अख्ख्या अशांती प्रांतात सापडायची नाही. परदेशातल्या एका फाउंडेशनला मी असे अर्ज लिहीत असे की वाचणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जावा. समोरासमोर मागायचं काम मात्र आमचे संचालक डॉक्टर ओसाफो यांचं. ते मोठे, हसरे, पाठीवर थाप मारणारे. मी त्यांच्या मागे फाईल धरून उभी. आमचा कारखाना लहान मुलांचे कृत्रिम पाय बनवतो. कुणाचा पाय रस्त्यावर गेलेला असतो, कुणाचा जखम चिघळून. मास्तर अम्पोफो भट्टीत प्लास्टिकचा पत्रा मऊ करतात, साच्यावर चढवतात, कानशीनं घासतात, आणि मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोराला म्हणतात, "चला साहेब, चालून दाखवा." ह्यातली मेख एवढीच की मूल वाढतं आणि पाय वाढत नाही. दर वर्षी नवा लागतो. ऑक्टोबरात फाउंडेशनचं पत्र आलं, दोन परिच्छेदांचं, फार सभ्य. त्यांचे प्राधान्यक्रम बदलले होते. मार्चनंतर भट्टी बंद. मास्तरांनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, परत वाचून घेतलं, आणि कानस उचलून कामाला लागले. त्याच आठवड्यात अफरिये आली होती, नऊ वर्षांची, आमच्याकडचा तिसरा पाय घातलेली. ती बाकावर बसली तेव्हा तिच्या बुटातून पुठ्ठ्याच्या घड्या बाहेर आलेल्या मला दिसल्या. उंची वाढली म्हणून पाय तोकडा पडतो, म्हणून तिनं खोका फाडून चार घड्या करून बुटात घातल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "पाऊस नसला की चालतं, आंटी." आणि फ्रॉक खाली ओढून घेतला. नवा पाय मार्चच्या आत तिच्या वाट्याला येईल की नाही, हे मला माहीत होतं आणि तिला माहीत नव्हतं.

शिबिर संपवून त्रोत्रोत, म्हणजे आमच्याकडच्या खच्चून भरलेल्या मिनीबसमध्ये, बसले. खिडकीशेजारची जागा, हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याचे दिवस, तोंडावर धूळ, ओठांना शियाचं लोणी लावलं तरी भेगा. फोनमधला तो आवाज डोक्यातून जाईना. आणि क्रोफ्रोमच्या वळणावर कंडक्टर मागे सरका म्हणून ओरडत असताना माझ्या एकदम लक्षात आलं की तो आवाज माझा नाहीच. तो आईचा. शब्दसुद्धा तिचेच. मी तेरा वर्षांची होते. मुलींच्या मोठ्या वसतिगृहाच्या शाळेत माझं नाव लागलं होतं आणि आईनं पत्र्याची ट्रंक आधीच घेऊन ठेवली होती, निळी, वर माझं नाव रंगवून. आमच्यात भाच्यांची शाळा मामाकडे असते. बापानं हातभार लावला तर लावला, पण हक्क मामावर. म्हणून आई मला घेऊन एजिसूला यिआदोम मामाकडे गेली. मामानं बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्याशिवाय पाहुण्याला काही विचारत नाहीत, आणि विचारल्याशिवाय पाहुण्यानं सांगायचं नसतं. मग मामानं रीतीप्रमाणे विचारलं, "आमच्याकडे सगळं ठीक. तुम्ही काय काम काढलंत?" आई बोलली. केवढं बोलली. माझे मार्क, शाळेचं नाव, हेडमास्तर काय म्हणाले, गादी, बादली, ट्रंक. आकडा तिच्या कनवटीच्या चिठ्ठीत होता, तिनं वाटेत तो तीनदा म्हणून पाहिला होता, मी ऐकला होता. आणि शेवटी मान खाली घालून म्हणाली, "दादा, तुला जमेल तेवढं." मामा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग आत जाऊन लिफाफा घेऊन आला. वाटेत आईनं तो उघडला, पैसे मोजले, आणि लिफाफा त्या चिठ्ठीशेजारी कनवटीला खोचला. मी गल्लीतल्या शाळेत गेले. निळ्या ट्रंकेत आईची अंत्ययात्रेची काळी-तांबडी कापडं गेली, ती अजून तिथेच आहेत. आकडा सांगितला नाही की नकार मिळत नाही, एवढं मी त्या दिवशी शिकले, आणि पुढे एकवीस वर्षं त्यावर जगले.

सोमवारी डॉक्टर ओसाफोंनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा ते वैतागलेले दिसले. सुआमेच्या गॅरेजांच्या वस्तीत टायरचा मोठा धंदा असलेल्या एनो अचिया यांना त्यांनी भेटीसाठी फोन केला होता. ही म्हातारी (एनो ही मोठ्या बाईला मानानं मारायची हाक) दर वर्षी आम्हाला थोडे पैसे पाठवायची आणि मी पावतीबरोबर पत्र लिहायची. त्यांच्या पैशातून कुणाचा पाय झाला, त्या मुलानं नव्या पायावर पहिल्यांदा काय केलं, असं काहीबाही. "म्हणाल्या, तू नको येऊस ओसाफो, तू फार गोड बोलतोस," डॉक्टर सांगत होते. "म्हणाल्या, ती पत्रं लिहिणारी पाठव." मग पेन टेबलावर ठोकत म्हणाले, "हे बघ बिरागो, तू जा. पण डोक्यात काही भरून घेऊ नकोस. पन्नास हजार माग. मिळाले तर देवाची कृपा. बाई बिथरली तर जे येतंय तेही जाईल." मी म्हणाले, लागतात तर दोन लाख चाळीस. चाळीस मुलं, एकेका पायाला सहा हजार. "मला माहीत आहे किती लागतात," डॉक्टर म्हणाले. "मी लागतात ते नाही सांगत, मिळतात ते सांगतोय." त्यात माझ्याबद्दल काळजीच होती, खोटं कशाला बोलू. पण केबिनबाहेर आल्यावर मला वाटलं, ह्यांनासुद्धा कुणीतरी फोनवर टिपून ऐकवायला हवं. पन्नास हजार म्हणजे जमेल तेवढंच, फक्त टाय घातलेलं.

दोन दिवस मी आकड्याशी संसार केला. दोन लाख चाळीस हजार. भांडी घासताना, केस विंचरताना, इस्त्री करताना. पहिल्या दिवशी तो तोंडात मावत नव्हता, चाळीसपाशी आवाज फुटायचा. फुसेनीला फोन लावला. तो म्हणाला, "मी श्रीमंत झालो, बोल." बोलले. तो गप्प बसला तसा मी अंगठा दाबला. "आता श्रीमंत माणूस झोपला," तो बऱ्याच वेळानं म्हणाला, "तरी तू बोलली नाहीस. शाब्बास. माझं अंडं मात्र परत मागू नकोस." बुधवारी सकाळी मी आरशासमोर सांगितला तेव्हा तो आकडा घरातल्या एखाद्या वस्तूसारखा साधा वाटायला लागला होता. मोठा वाटत नव्हता. चाळीस जोडी चपलांपैकी एकेक चप्पल, एवढाच.

एनो अचियांचं ऑफिस टायरांच्या भिंतींमधून आत गेल्यावर, पंखा, जुनं टेबल, मागे कॅलेंडर. रबराचा वास असा की जिभेवर बसावा. सत्तरीच्या आसपासची बाई, ठेंगणी, डोक्याला जांभळा रुमाल, नजर अगदी सरळ. मुलीनं पाणी आणून ठेवलं. मी पेला उचलला, ओठाला लावला, आणि घोट घशाखाली जाईना, म्हणून ओठ ओले करून परत ठेवला. भेगांना पाणी झोंबलं. त्यांनी ते पाहिलं असणार. "इकडे सगळं ठीक," त्या म्हणाल्या. "काय काम काढलंस, पोरी?" आणि आईसारखं मीही खूप बोलणार होते, संस्थेची स्थापना, उद्दिष्टं, सगळं रांगेत उभं होतं. पण तोंडातून निघालं ते अफरियेच्या पुठ्ठ्याचं. चार घड्या, पाऊस नसला की चालतं, फ्रॉक खाली ओढून घेतला. एवढंच सांगितलं. परदेशातले पैसे बंद झाले, मार्चला भट्टी विझेल, तेही सांगितलं. मग म्हणाले, "एनो, मला तुमच्याकडून दोन लाख चाळीस हजार सेडी हवे आहेत. चाळीस मुलांचे ह्या वर्षाचे पाय."

आणि गप्प बसले. शांतता म्हणतात ती शांत नसते. बाहेर कुणी पत्रा ठोकत होतं, कॉम्प्रेसर धापा टाकत होता, पंखा एका फेरीत एकदा किरकिरत होता, आणि ह्या सगळ्याच्या खाली माझ्या बुटात उजवा अंगठा असा दाबलेला की पोटरीत गोळा आला. एनो अचियांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग दाराबाहेरच्या टायरांकडे. माझ्या पाठीवरून घामाची एक धार निघाली ती मी कमरेपर्यंत मोजली. जमेल तेवढं, जमेल तेवढं. ते शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसले होते, आणि नुसतं तोंड उघडलं असतं तरी आपोआप सांडले असते. तोंड मिटून धरलं. आणि मला यिआदोम मामा दिसला. तेव्हाचा नाही, गेल्या ईस्टरचा, ऐंशी उलटलेला, अंगणात आरामखुर्चीत, पायावर चादर. कशावरून तरी माझ्या शाळेचा विषय निघाला तसा तो म्हणाला होता, "त्या दिवशी कोकोच्या पिकाचे सगळे पैसे माझ्या खिशात होते. तुम्ही येणार हे कळलं होतं ना. दोन वर्षांची फी होती. तुझी आई आकडा सांगेल म्हणून मी थांबलो, आणि ती म्हणाली, जमेल तेवढं. मला वाटलं, निम्मं तुझ्या बापानं उचललेलं दिसतंय. सगळे दिले असते तर त्याचा अपमान झाला असता, म्हणून मी निम्मे आत ठेवून आलो." मग त्यानं विचारलं होतं, "कमी पडले का गं?" वीस वर्षांनी विचारलं होतं, अगदी साधेपणानं, आणि मी म्हणाले होते, नाही मामा, भागलं. पैसे खिशात होते. मान खाली घालून माझी आई बसली होती आणि हातभर अंतरावर पैसे खिशात होते, आणि देणाराही बिचारा मागण्याची वाट बघत बसला होता. मला तेव्हा आईचा राग आला होता, मग मामाचा, मग कुणाचाच नाही. आता, रबराच्या वासात, अंगठा बधिर झालेला असताना मला पहिल्यांदा नीट दिसलं की आईनं आकडा गिळला तेव्हा तिनं माझं जसं हिरावून घेतलं तसं मामाचंही घेतलं. मला त्या मोठ्या शाळेत घालायचा आनंद त्याच्याही वाट्याला आला नाही. तो निम्मे पैसे खिशात घेऊन म्हातारा झाला.

एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. एनो अचियांनी माझ्यावरची नजर न हलवता तो उचलला. पलीकडे कुणी गिऱ्हाईक घासाघीस करत होतं. "चार टायरांचे तेवढेच होतात," त्या म्हणाल्या, आणि गप्प बसल्या. पलीकडचा बोलत होता, हसत होता, रडत होता, बायकोचं आजारपण काढत होता. एनो गप्प. डोळे माझ्यावर. शेवटी पलीकडचा थांबला, मग काहीतरी पुटपुटला. "बरं, पाठव ट्रक," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. माझ्या अंगातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. ही बाई पन्नास वर्षं हेच करत आली होती, आकडा सांगून गप्प बसत आली होती. मी इतका वेळ तिला घाबरत होते, आणि ती तर माझ्याच धंद्यातली निघाली, माझ्याहून कितीतरी मोठी कारागीर. मी अंगठा सैल सोडला. आता त्याची गरज नव्हती. मी नुसती बसले, हात मांडीवर, आणि बसायला मजा वाटू लागली, हे लिहितानाही मला खोटं वाटतं, पण वाटली.

"ओसाफोनं पन्नास मागितले असते," एनो म्हणाल्या.

"हो, एनो."

"त्यानं तुलाही पन्नासच सांगून पाठवलं असेल."

मी पाण्याचा पेला थोडा बाजूला सरकवला. तेही एक उत्तरच होतं.

"कमी होईल काही?" त्यांनी विचारलं, अगदी सहज, टायरचं विचारावं तसं.

"होईल की. पन्नासात आठ पाय होतील. पण आठ कुठली मुलं ते तुम्हाला निवडावं लागेल. मला नाही येत."

त्यांनी रुमाल सारखा केला. पंखा बराच वेळ किरकिरला. "आणि पुढच्या वर्षी? मुलं वाढतात ना. टायर झिजला की बदलावा लागतो, ते माणूस मुकाट्यानं करतो. पाय मात्र एकदा दिला की संपलं, असं समजतात लोक."

"पुढच्या वर्षी मी परत येईन."

"हाच आकडा घेऊन?"

"थोडा वाढवून, एनो. मुलंही वाढतील."

त्या हसल्या नाहीत. गालाच्या आत कुठेतरी हसू फिरलं असावं. मग हिशेबाच्या मुलीला हाक मारून म्हणाल्या, "हिचं सगळं लिहून घे. निम्मे आज, निम्मे ईस्टरच्या आधी." आणि मला, "तुझी पत्रं माझी नात मला वाचून दाखवते. त्यात एका मुलानं नव्या पायानं पहिल्यांदा काय केलं, तर कोंबडीला लाथ मारली, असं लिहिलं होतंस. खरं होतं का ते?"

"खरं होतं. कोंबडी वाचली."

"मग ठीक. उद्या पहाटे आभार मानायला घरी येशीलच. ओसाफोला आणू नकोस. आणि चांगले कपडे कर."

बाहेर आले तेव्हा उजवा पाय बधिर झालेला, लंगडतच टायरांमधून वाट काढली. एक मेकॅनिक म्हणाला, "सिस्टर, पायाला काय झालं?" मी म्हणाले, काही नाही, बांधकाम चाललंय. तो बघतच राहिला. डॉक्टरांना फोन केला. ते "परत सांग," म्हणाले, मी परत सांगितलं, तेव्हा त्यांनी फोन तसाच मास्तरांकडे नेला आणि मला मागे भट्टीच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. मास्तर एवढंच म्हणाले, "मग त्या अफरियेला शुक्रवारी बोलावतो मापाला." मला रस्त्यातच रडू आलं, आणि मी ते पुसलंही नाही, धुळीनं आपोआप वाळलं. संध्याकाळी आईला फोन लावला. ती सूप ढवळत असावी, पळी भांड्यावर आपटत होती. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "आकडा तू तोंडानं सांगितलास? कागदावर नाही?"

"तोंडानं."

पळीचा आवाज थांबला. "जीभ रेटली तुझी?"

"रेटली, आई."

सुपावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "माझी नव्हती रेटली." मामाच्या खिशाचं मी तिला कधी सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. पण ती म्हणाली, "उद्या आभाराला जाशील तेव्हा माझी निळी ट्रंक उघड. त्यात खाली पांढरं कापड आहे, आनंदाचं. तुझ्यासाठी ठेवलंय, तू तेरा वर्षांची होतीस तेव्हापासून." मला वाटत होतं, ती ट्रंक नुसत्या दुखवट्याच्या कपड्यांची आहे.

पहाटे आईकडे जाऊन, तिच्या हातून ते पांढरं कापड नेसून, एनो अचियांच्या घरी पोचले. आभाराला रिकाम्या हातानं जायचं आणि दोन वाक्यं बोलून निघायचं, अशी रीत. पण अंगणात बघते तर एनोंच्या शेजारी आणखी चार बायका बसलेल्या, सगळ्या बाजारातल्या मोठ्या, एक सिमेंटची, एक कापडाची, एक लोखंडाची, आणि कडेला गोठवलेल्या मासळीचं कोल्ड स्टोअर चालवणारी आंटी फोसुआ, हातभर सोनं आणि कपाळाला आठी. मी वाकून एनोंचे आभार मानले. त्यांनी ते हातानंच बाजूला केले. "बस. हिला पाणी द्या." मग बायकांकडे वळून, "हीच ती. काल माझ्यासमोर गप्प बसून राहिली. अशी पोर मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही." पाणी आलं. ह्या खेपेला मी पेला उचलला आणि सगळा प्याले, थंडगार, घशातून पोटापर्यंत जाताना कळत होता. पेला खाली ठेवल्यावर एनोंनी, जणू काही काल भेटलोच नव्हतो, रीतीप्रमाणे विचारलं, "इकडे सगळं ठीक. काय काम काढलंस, बिरागो?"

मी आभारासाठी आले होते. हातात फाईल नाही, कागद नाही, पाठीशी डॉक्टर नाहीत. डोक्यात चाळीस गुणिले सहा, आणि एनोंचं ते वाक्य, मुलं वाढतात ना. पाठ आपोआप ताठ झाली. मी पुठ्ठ्याच्या घड्या सांगितल्या, कोंबडी सांगितली, शुक्रवारी कुणाचं माप घेणार ते सांगितलं. मग म्हणाले, "ह्या वर्षाचं एनोंनी केलं. त्यापुढची पाच वर्षं मी तुम्हा चौघींकडे मागायला बसलेय. बारा लाख सेडी."

आवाज माझाच होता. बाहेरून ऐकला असता तरी ओळखला असता. भिंतीपलीकडे कुणीतरी झाडत होतं, खराट्याचा एकसारखा आवाज येत होता, आणि मला तो थांबू नये असं वाटत होतं. सिमेंटवाल्या बाईनं लोखंडवालीकडे पाहिलं. कापडवालीनं बांगडी फिरवली. मी चौघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत बसले, काही घाई नव्हती, माझ्याकडे पाच वर्षं होती. शेवटी आंटी फोसुआ आठी न सोडता, उठण्याच्या बेतानं म्हणाल्या, "चांगलं काम आहे, पोरी. आम्ही देऊ, जमेल तेवढं."

"आंटी," मी म्हणाले, "तेवढं मला लिहून घेता येत नाही. आकडा सांगा."

एनो अचिया मांडीवर थाप मारून हसल्या, काल गालाच्या आत ठेवलेलं ते सगळं हसू बाहेर आलं, आणि मग बाकीच्याही हसायला लागल्या. आंटी फोसुआ नाही हसल्या. त्या परत खुर्चीत नीट बसल्या, रुमाल सावरला, माझ्याकडे रोखून बघितलं, आणि आकडा सांगितला. मी तो परत म्हणून घेतला, त्यांच्या नावासकट, आणि मग सिमेंटवाल्या बाईकडे वळून गप्प बसले.